आवाज वेगळा, थरथर वेगळी

माझी सासुरवाडी गोव्यात, साखळीला. बेळगावहून जायचं तर पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडायचा, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, की खाली केरी आणि पुढं साखळी. जाताना उतार, येताना चढ. जाताना गाडीत आम्ही दोघं आणि कुंद्याचा बॉक्स. येताना सासूबाई, मेव्हणी, नारळाचं पोतं, आमसुलं, कोकमाच्या बाटल्या आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी आणून ठेवलेला केळीचा घड. आमच्या गाडीचं दुखणं दरवेळी येतानाच का उमटायचं याचं उत्तर या ओझ्यातच होतं. ते मला कळायला तीन आठवडे आणि 14 हजार रुपये लागले.

तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले होते. केरी सोडली, घाट लागला, गाडी तिसऱ्या गिअरात घेतली आणि चाळीसच्या पुढं जाऊ म्हणून पाय दाबला, तर पुढचा भाग आडवा हलायला लागला. खालीवर नव्हे, आडवा. पीठ चाळताना चाळण हलते तसा. स्टेअरिंग त्या मानानं शांत होतं, पण पायाखालची पत्र्याची जमीन आणि सीट थरथरत होती. त्याच्या जोडीला खालून कुठून तरी झर्रर्र असा पत्र्याचा आवाज.

बायको म्हणाली, "अहो, पाय सोडला की थांबतंय बघा."

मी म्हटलं, "रस्ता खराब आहे."

"मग पाय सोडल्यावर रस्ता चांगला होतोय काय?"

मागच्या सीटवरून मेव्हणी हसली आणि मी विषय तिथंच मिटवला. खरं तर रोगाची ओळख त्या एका वाक्यात पूर्ण झाली होती. ते ऐकून सोडून देणारा माणूस मी होतो, आणि मी काही गाड्यांतला अडाणी नव्हे. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये 26 वर्षं काम करतोय. आधी लेथवर, मग सीएनसीवर, आता तयार मालाच्या तपासणीवर. मशीनवर जॉब थरथरला, त्याच्या अंगावर लाटा उमटल्या, तर नवीन पोरगा लगेच टूल बदलायला धावतो. मी त्याचा हात धरतो. आधी सांग, कुठल्या स्पीडला थरथरतोय? चकजवळ की टोकाकडं? फीड कमी केली तर काय होतं? हे प्रश्न मी गेली पंधरा वर्षं दुसऱ्यांना विचारतोय. स्वतःच्या गाडीची वेळ आली तेव्हा त्यातला एकही आठवला नाही.

गाडी डिझेलची, छोटी, 2013 ची, 1 लाख 38 हजार किलोमीटर झालेली.

सोमवारी संध्याकाळी घराजवळच्या एका गॅरेजात नेली. "व्हायब्रेशन येतंय," एवढंच सांगितलं. त्यानं चारी चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, पुढची चाकं मागं टाकली. 900 रुपये. फरक शून्य. परत गेलो तर टायर "कडक झालेत" म्हणाला. टायर पाच वर्षांचे होते, कधीतरी बदलायचेच होते, म्हणून दोन घातले. ते 8 हजार 800. तरी तेच. मग दुसरीकडं, मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसानं एकट्यानं सपाट रस्त्यावर एक फेरी मारली आणि म्हणाला, "येतोय, आवाज येतोय. इंजिन माउंटिंग गेलंय." माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं तो, आणि मजुरी मिळून 4 हजार 300.

या सगळ्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. चूक भाषेची होती, आणि ती माझी होती. दोन वेगळ्या गोष्टी मी एका शब्दात कोंबल्या होत्या. रिकामी गाडी, सपाट रस्ता, गाडीत एकटा माणूस. त्याला त्या फेरीत थरथर जाणवणं कठीणच होतं, ऐकू आला तो फक्त पत्र्याचा आवाज. तो आवाजाबद्दल बोलत होता, मी थरथरीबद्दल, आणि दोघांनाही वाटत होतं की आपलं एकमत झालंय. माउंटिंगचं रबर फाटलेलं असतं तर गाडी नुसती उभी असतानासुद्धा दांडगी हादरली असती, क्लच सोडताना गचका बसला असता. आमची उभी गाडी डिझेलच्या मानानं शांत होती. हे मला त्या काउंटरवर उभं असताना सुचायला हवं होतं. सुचलं घरी आल्यावर, बिल फाइलला लावताना.

तोवर अनगोळात आमच्या गल्लीत ही बातमी झाली होती. एक जण म्हणाला नोझल. एक जण टर्बोचा पाइप फाटलाय म्हणाला. टर्बोचा पाइप फाटला तर शिट्टीसारखा आवाज येतो, पिकअप मरतो, काळा धूर येतो. आमच्या गाडीचा पिकअप जसाच्या तसा होता. समोरचे सर म्हणाले, "प्लग बदला." त्यांच्या पेट्रोल गाडीला चढावर झटके येत होते, इंजिनचा दिवा लुकलुकत होता, आणि प्लग-कॉइल बदलून ती बरी झाली होती. त्यांचं बरोबरच होतं, फक्त डिझेल गाडीला ते प्लग नसतात. सल्ला देणाऱ्या प्रत्येकाच्या मागं त्याच्या गाडीचा एक खरा अनुभव होता, आणि त्यातल्या एकानंही मला विचारलं नाही की हे कधी होतं.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो डिप्लोमाला आहे, मेकॅनिकलला. त्याला वही दिली, पेन दिलं आणि म्हटलं, मी गाडी चालवणार, तू लिहिणार. चालवताना मीच लिहायला लागलो तर वेगळंच काहीतरी दुरुस्त करावं लागेल.

रविवारी पहाटे सहाला पुणे-बेंगळुरू हायवेला लागलो. काकतीच्या पुढं सकाळी रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. ठरवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी गाडी बाजूला उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली. मिनिटाला हजार फेऱ्या, दीड हजार, एकोणीसशेच्या आसपास एकदम खालून झर्रर्र. दोन हजारच्या पुढं गेलं की गायब. थरथर मात्र कुठंच नाही, तीन हजारपर्यंत नेलं तरी नाही.

मग पळवत. तिसऱ्या गिअरात हळूहळू वेग वाढवत नेला, मग चौथ्यात, मग पाचव्यात. भाचा दोन रकाने करून लिहीत होता, एक आवाजाचा आणि एक थरथरीचा. ही दोन रकान्यांची कल्पना त्याची, माझी नव्हे. वंटमुरी घाटाच्या अलीकडं चहाला थांबलो आणि त्यानं वही पुढं केली. आवाजाच्या रकान्यात होतं: तिसऱ्यात 42 ला, चौथ्यात 60 ला, पाचव्यात 76 ला. वेग तिन्ही वेगळे. पण त्यानं शेजारी टॅकोमीटरचे (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याचे) आकडेही टिपले होते, आणि ते तिन्ही ठिकाणी एकोणीसशेच्या आसपास. म्हणजे आवाज इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला, गाडीच्या वेगाशी त्याचा काही संबंध नाही.

थरथरीचा रकाना उलटा होता. गिअर कुठलाही असो, साधारण 45 ते 70 च्या मध्ये, पाय जोरात दाबला तरच. इंजिन पंधराशेवर असो की सत्तावीसशेवर, तिला त्याचं सोयरसुतक नाही.

मी वही बघतच राहिलो. घाटात तिसऱ्या गिअरात चाळिशी ओलांडली की इंजिन नेमकं एकोणीसशेवर यायचं, आणि चढामुळं पायही त्याच वेळी दाबलेला असायचा. म्हणून दोन्ही गोष्टी एकदमच सुरू व्हायच्या. दोन अनोळखी माणसं रोज एकाच स्टॉपवर बसमध्ये चढतात आणि कंडक्टरला वाटतं नवरा-बायको आहेत, तसं झालं होतं.

आवाजाचा निकाल त्याच दिवशी दुपारी घरी लागला. गाडी गार झाल्यावर (गरम सायलेन्सरखाली हात घालणाऱ्याला एकदाच अक्कल येते) पुढची बाजू जॅकवर घेतली, खाली लाकडाचे ठोकळे दिले आणि आडवा होऊन हातोडीच्या लाकडी दांड्यानं एकेक पत्रा ठोकत गेलो. सायलेन्सरच्या पाइपवर उष्णता अडवणारा एक पातळ पत्रा असतो. त्याचा एक बोल्ट गंजून गळून पडला होता. पत्रा एका बाजूनं लोंबत होता आणि एकोणीसशे फेऱ्यांना नेमका पाइपावर वाजत होता. वेल्डिंग नको म्हटलं. दोन मोठ्या होज क्लिपा एकमेकींत अडकवून लांब केल्या आणि पाइपाभोवती पत्रा आवळून टाकला. खर्च 120 रुपये. मोठ्या वर्कशॉपनं माउंटिंग बदललं ते या आवाजासाठी.

राहिली थरथर. आता ती एकटी होती, त्यामुळं पकडायला सोपी.

संध्याकाळी पुन्हा हायवे. चौथ्या गिअरात 65 ला पाय दाबला, थरथर सुरू झाली, आणि त्याच क्षणी क्लच दाबला. बंद. एकदम, दिव्याचं बटण दाबल्यासारखी बंद. गाडी अजून पासष्टनंच पळत होती. चाकं फिरत होती, टायर, रिम, डिस्क, बेअरिंग सगळं त्याच वेगानं फिरत होतं, तरी शांत. म्हणजे चाकाकडचं काही नाही. बॅलन्सिंगचा दोष असता तर क्लच दाबून काहीच फरक पडला नसता. तो दोष बहुतेक 80-100 च्या पट्ट्यात येतो आणि स्टेअरिंगमध्ये हाताला कळतो, पाय दाबलेला असो की सोडलेला. बेअरिंग असतं तर घूं असा सलग आवाज असता, आणि तो वळणावर बदलला असता. गाडी डावीकडं वळली की भार उजव्या चाकावर जातो, आणि उजवं बेअरिंग खराब असेल तर त्याचा घूंकार तेव्हा वाढतो. आम्ही लांब वळणांवर कान देऊन बघितलं, तसं काही नव्हतं. उभ्या गाडीत रेस दिल्यावर इंजिनही निर्दोष ठरलं होतंच. उरलं ते इंजिन आणि चाक यांच्या मधलं, तेही जोर लागतो तेव्हाच बोलणारं.

दुसऱ्या दिवशी वजन घालून बघितलं. नंदगडकडून आमच्या वाट्याचा तांदूळ नुकताच आला होता. 25 किलोची चार पोती डिकीत टाकली. बायकोनं दारातून विचारलं, "गाडी दुरुस्त करायलात की तांदूळ विकायला निघालात?" पण उत्तर स्पष्ट मिळालं. रिकाम्या गाडीत थरथर उठवायला पाय पूर्ण दाबावा लागायचा. शंभर किलो मागं पडल्यावर अर्ध्या पायातच उठली. मागं वजन पडलं की गाडीची शेपटी बसते, नाक वर येतं, आणि गिअरबॉक्समधून चाकाकडं जाणाऱ्या एक्सलचा कोन वाढतो. नारळाच्या पोत्याचा हिशेब इथं लागला.

भाच्याला अजून समाधान नव्हतं. त्यानं मोबाइलमध्ये कंपन मोजणारं अ‍ॅप घेतलं आणि फोन गिअर लिव्हरच्या मागं चिकटपट्टीनं पक्का बसवला. मी साठचा वेग धरला.

"मामा, सेकंदाला सत्तावीस दाखवायलंय."

"पंचेचाळीसला बघ."

"वीस. वीसच्या आतबाहेर."

घरी येऊन टायरला टेप लावली. एका फेऱ्यात चाक साधारण 1.9 मीटर जातं. ताशी 60 म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला 8.8 फेरे. सत्तावीस भागिले 8.8, तीनच्या जवळ. पंचेचाळीसला 6.6 फेरे, वीस भागिले 6.6, पुन्हा तीन. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तीनदा हलत होती. भाचा उठला, आतून पुस्तक घेऊन आला आणि एक आकृती उघडून समोर ठेवली. एक्सलचा चाकाकडचा जॉइंट सहा गोळ्यांचा असतो. गिअरबॉक्सकडचा, म्हणजे आतला जॉइंट, वेगळा असतो: मध्ये तीन हातांचा स्पायडर, प्रत्येक हातावर एक रोलर, आणि बाहेर कप, त्यात रोलरला पुढंमागं सरकायला तीन खाचा. तीन.

तरीही बाहेरचा जॉइंट आम्ही तपासला. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरलो, दोन्हीकडं. तो खराब असला की टक टक टक करतो. गप्प होता.

त्यानंतर जे केलं त्याची गरज नव्हती हे मी मान्य करतो. शॉपमधून डायल, म्हणजे बारीक मापं घेणारं काट्याचं घड्याळ, आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड घरी आणला. आमच्याकडं असलं मापाचं साधन बाहेर न्यायला गेट पास लागतो. सुपरवायझरनं पासवर "2 दिवस" लिहिलं आणि कारणाच्या जागी काय लिहायचं म्हणून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "घरगुती." डिस्कचा रनआउट, म्हणजे फिरताना येणारा हेलकावा, 40 मायक्रॉन (0.04 मिलिमीटर), रिमचा अर्धा मिलिमीटर. दोन्ही ठीक. क्लच दाबल्यावर जे कळलं होतं तेच पुन्हा कळलं, फक्त आकड्यात. आमच्या धंद्यातल्या माणसाला आकडा दिसल्याशिवाय झोप येत नाही.

पिरनवाडीच्या बाजूला एक मिस्त्री आहेत. साठीचे, चार भाषा बोलणारे. गिऱ्हाईक कुठल्या भाषेत बोलतंय त्यावर त्यांची शिवी ठरते. मी वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून एक पान वाचलं, मग माझ्याकडं बघितलं.

"पाव्हणं, एवढं सगळं लिहून आणलासा, मग मी काय करू?"

"डावा की उजवा ते वहीत नाही."

त्यावर ते हसले. गाडी वर घेतली, गिअरबॉक्सजवळ एक्सल मुठीत धरून वरखाली हलवला. उजवा घट्ट. डावा ठक्क करून हलला. मग बॅटरी मारून गिअरबॉक्सचा तळ दाखवला. डाव्या बुटाच्या, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी आवरणाच्या, समोरच्या भागावर ग्रीसचे शिंतोडे उडून वाळले होते, त्यावर धूळ बसून काळी साय धरली होती. बूट फाटला नव्हता. त्याची क्लिप सैल पडली होती आणि गाडी पळताना ग्रीस थोडं थोडं बाहेर उडत राहिलं होतं, कदाचित दोन वर्षं. दोन गॅरेजांत गाडी वर चढली होती, पण तिकडं बॅटरी मारून बघण्याचं कुणाच्या मनात आलं नाही. मी स्वतः खाली आडवा झालो होतो तेव्हा मीही फक्त सायलेन्सरच बघितला.

सुटा जॉइंट बेळगावात मिळेना. मिळत होता तो पूर्ण एक्सल, नऊ हजारांच्या पुढचा. हुबळीला फोन केला, तिथंही तेच. कोल्हापुरात एका दुकानात कप, स्पायडर, बूट, क्लिपा आणि ग्रीस असा संच सापडला, 3 हजार 650 ला. मेव्हण्याचा मित्र येताना घेऊन आला. आमच्याकडं हे असंच चालतं. कागद कर्नाटकाचा, सुटे भाग महाराष्ट्राचे, आणि बिघाड गोव्याच्या चढावर.

शनिवारी अर्धी सुट्टी घेऊन मिस्त्रींकडं बसलो. चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याचं, मोठं नट सैल केलं. गाडी वर घेतल्यावर ते सुटत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, नाहीतर एक्सल ओढल्याबरोबर सगळं अंगावर. खालचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढला आणि पहारीनं एक हिसका दिल्यावर आतलं टोक टक्क करून निघालं. मिस्त्रींच्या हाताखालचं पोरगं कानडी होतं. त्यानं बुटाची क्लिप कापली, आत बोट घातलं आणि वर बघून म्हणालं, "ग्रीस इल्ला री."

अगदीच नव्हतं असं नाही. काजळी पाण्यात कालवल्यासारखं काहीतरी होतं. कप डिझेलनं धुतला, फडक्यानं पुसला, आणि मिस्त्रींनी तो माझ्या हातात दिला. कदाचित माझ्या हाताला काय कळेल ते त्यांना ठाऊक होतं.

तीन खाचा. प्रत्येक खाचेला समोरासमोर दोन भिंती. एका भिंतीवर रोलर गाडी पुढं ओढताना टेकतो, दुसऱ्या भिंतीवर पाय सोडल्यावर, गाडी इंजिनाला ओढते तेव्हा. मी अंगठ्याचं नख पहिल्या भिंतीवरून फिरवलं. मध्यावर अडकलं. दुसऱ्या खाचेत अडकलं, तिसऱ्यात अडकलं. रोलरनं बरोबर आपल्या रुंदीचा खड्डा पाडला होता. मग समोरच्या भिंतीवरून नख फिरवलं. आरशासारखी. ग्राइंडिंग करून कालच आलीय अशी.

"पाय सोडला की थांबतंय बघा" हे वाक्य त्या लोखंडावर असं कोरलेलं होतं. जोर लागला की रोलर खड्ड्यात बसायचा, आणि एक्सल कोनात फिरत असल्यामुळं त्याला पुढंमागं सरकावं तर लागायचंच. मग तो खड्ड्याच्या कडेवर अडखळत बाहेर यायचा. एका फेऱ्यात तीन रोलर, तीन अडखळी, प्रत्येक वेळी गाडीच्या नाकाला आडवा धक्का. पाय सोडला की रोलर पलीकडच्या गुळगुळीत भिंतीवर जायचा आणि सगळं शांत. डायल तोवर परत गेलेला नव्हताच. 2 दिवसांचा पास होता आणि आज नववा दिवस होता. खड्डा मोजला. 220 मायक्रॉन. आमच्या शॉपमध्ये यापेक्षा दहापट कमी चुकीवर माल परत येतो.

मिस्त्रींनी एक जुनी युक्ती सांगितली. कधी कधी डावा कप उजवीकडं आणि उजवा डावीकडं घालतात, म्हणजे न झिजलेल्या भिंतीवर भार येतो आणि गाडी अजून वर्षभर ओढते. ऐकून मला फार आवडली; फुकटात काम होत होतं. पण एक रोलर बोटानं फिरवला तर करकर करत होता, आतल्या बारीक सुया गेल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "संच आणलासा न्हवं, मग आता कंजुषी कशाला?"

नवीन जॉइंट भरताना दोन गोष्टी मी लक्षात ठेवल्या. संचाबरोबर येणारं काळं ग्रीस पूर्ण घालायचं. चाकाच्या बेअरिंगचं डब्यातलं साधं ग्रीस इथं चालत नाही. आणि बुटाची शेवटची क्लिप आवळण्याआधी बारीक स्क्रूड्रायव्हरनं त्याची कड उचलून आतली हवा सोडायची, नाहीतर बूट फुगून राहतो. गिअरबॉक्सचं ऑइल सील नवीन घातलं, ऑइल नवीन. हबच्या नटापाशी मात्र आमचं थोडं वाजलं. मिस्त्री पान्यात लांब पाइप घालून "बास, एवढंच" म्हणत आवळत होते, आणि मला ते बघवेना. शेवटी मी स्कूटरवरून जाऊन शॉपमधून टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, आणला. पुन्हा गेट पास. सुपरवायझरनं या वेळी कारण विचारलं नाही, नुसतं म्हणाला, "डायल?" मी म्हटलं, "सोमवारी."

मजुरी 1 हजार 500. सगळं धरून सहा हजारांच्या आत झालं. पत्र्याच्या क्लिपा मोजल्या तरी.

घरी येऊन तांदळाची पोती पुन्हा डिकीत. हायवे, चौथा गिअर, साठ, पाय पूर्ण. काही नाही. भाच्याच्या फोनवर सत्तावीसला एक बारीकसा उंचवटा होता. शरीराला कळत नव्हता. त्याला तो खटकला, मला नाही. नव्या जॉइंटलाही तीनच रोलर असतात. वजन, चढ, कोन सगळं जुळलं की तोही थोडा बोलणारच.

डिसेंबरात पुन्हा साखळीला गेलो. येताना सासूबाई होत्या, मेव्हणी होती, नारळ होते, आणि या वेळी केळीच्या घडाऐवजी एक लोखंडी विळी. केरी सोडली. पहिल्या मोठ्या चढाला तिसरा गिअर टाकला, चाळीस ओलांडली, पाय दाबला आणि कान लावून बसलो. खालून आवाज नाही, पायाला थरथर नाही. एक वळण, दुसरं वळण. मी गाणी बंद केली.

"बघ," मी म्हटलं.

उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर बायकोनं काचेला डोकं टेकलं होतं आणि झोपली होती. मागच्या वेळी त्याच काचेला डोकं टेकवत नाही म्हणून घाटभर तक्रार चालली होती. मागं सासूबाईही पेंगत होत्या. घाट संपला, सपाटी लागली, मलप्रभेचं उगमस्थान असलेलं गाव जवळ आलं, तेव्हा तिनं डोळे न उघडताच विचारलं, "कणकुंबी आली काय? चहाला थांबवा."